बावीस जुलैची नोंद

३ जुलै

आजपासून कामावर. मत्स्यपालन मंडळाने मला तीन महिन्यांसाठी ठेवलं आहे. जमलं तर पुढे. क्रिसोलोगोकाका मंडळाचे अध्यक्ष आहेत, आणि माझे काकाही. त्यामुळे नेमलं म्हणून आधीच लोक बोलतायत. काकांनीच सगळ्यांसमोर सांगितलं, "ही घरची आहे म्हणून नाही, स्वस्त आहे म्हणून घेतली." सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होतं.

सहा टाक्या, एकाखाली एक. ओढ्याचं पाणी पहिल्या टाकीत शिरतं, तेच दुसरीत, तेच तिसरीत, आणि शेवटी आमच्या सहाव्या टाकीत. म्हणजे वरच्या पाच घरांचं उष्टं आम्ही पितो. आज मेलेले ट्राउट मोजले: पहिल्या टाकीत दोन, आमच्या टाकीत एकोणीस. सगळे काळवंडलेले, तोंडाभोवती लाल. जिवंत मासे पाणी सुटतं तिथे कडेला येऊन नुसते उभे. हात घातला तरी पळत नाहीत.

मासे गेल्या नोव्हेंबरात, पावसात सोडले. इथे मे ते सप्टेंबर पाऊस नसतो; त्यांचा हा पहिलाच कोरडा हंगाम. मे संपेपर्यंत एकही मेला नव्हता म्हणे.

आई संध्याकाळी तोकोशच्या खड्ड्यांवर दगड वाढवायला गेली. यंदा गावाने मे अखेरीस तिप्पट बटाटे घातलेत, राजधानीतल्या व्यापाऱ्याने मागितलेत म्हणून. ओढ्याच्या काठाला, साकवापासून टाक्यांत पाणी शिरतं त्या तोंडापर्यंत, गवतात गुंडाळून खड्ड्यात दाबलेले. वाहतं पाणी आतून जातं आणि ते आंबतात, तोच तोकोश. आई परत आली ती खुशीत. "वास सुटला," म्हणाली. "लागलेत." तिच्या शालीला तो वास होता. दोन वर्षं शहरात शिकायला होते, तेव्हा कशाची आठवण आली असेल तर या वासाची.

९ जुलै

तीन मासे चिरले. टेबल नाही, म्हणून आईच्या स्वयंपाकाच्या पाटावर. आईने पाट बाहेर फेकून दिला. तिचं बरोबर आहे, मी विचारायला हवं होतं. दुसरा आणून देईन असं म्हटलं तर म्हणाली, "तो तुझ्या आजोबांनी केला होता. आण बरं दुसरा."

कल्ल्यांच्या मुळाशी रक्त, प्लीहा सुजलेली, आतड्यात पिवळं पाणी. नमुने बर्फात घालून बसने शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. मला रोगाचं नाव माहीत आहे असं वाटतं, पण लिहीत नाही. वाटणं आणि असणं एक नाही.

१५ जुलै

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. लालतोंड्याच. जिवाणूंचा रोग. सोबत चिठ्ठी होती, ती इथे उतरवून ठेवते: "हे जिवाणू पुष्कळ निरोगी माशांच्या अंगातही असतात. पाणी बिघडलं, त्यातला प्राणवायू कमी झाला, कुजका गाळ वाढला की मासा थकतो आणि रोग उफाळतो. औषध द्या, पण आधी पाणी शोधा."

मंडळासमोर वाचून दाखवलं. काका म्हणाले, "म्हणजे मासे आधीपासूनच आजारी होते म्हणतेस?"

"तसं नाही. जिवाणू आधीपासून होते. आजारी पाण्याने पडले."

"आणि पाणी कुणी आजारी पाडलं?"

मी म्हटलं, मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मोजायला कशाला पाहिजे. वर बघ की."

वर म्हणजे यूदोसियाबाई. पलीकडच्या दरीतून एप्रिलमध्ये आली, एक मुलगी आणि डुकरं घेऊन. तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या वाट्याची जमीन आहे, साकवाच्या वरच्या अंगाला. कुणी तिला बटाटे काढायला बोलावलं नाही, आणि तीही कुणाकडे गेली नाही. ती आली आणि दोन महिन्यांत मासे मरायला लागले. हे खरंच आहे, तारखा जुळतात.

१७ जुलै

औषध खाद्यातून द्यायचं असतं. आजारी मासे खातच नाहीत. खातात ते धडधाकट. म्हणजे ज्यांना नको त्यांना औषध, आणि ज्यांना हवं ते उपाशी. हे काकांना दोनदा समजावलं. ते म्हणाले, "इंजिनिअरीणबाई, मग तुला कशाला ठेवलंय?"

घरी आले तर आई सहाव्या टाकीपाशी. गेल्या वर्षीच्या तोकोशची टोपली तिने टाकीत रिकामी केली होती. पांढरा लगदा पाण्यावर पसरलेला. तापाला तोकोश, जखमेला तोकोश, बाळंतिणीला तोकोश, मग माशांना का नको? मी जाळीने काढायला लागले. ती म्हणाली, "तुला न्यूमोनिया झाला होता तेव्हा कशाने वाचलीस? चिठ्ठीने?"

जितका निघाला तितका काढला. संध्याकाळी, मी शिकले त्या संस्थेकडून उसनं आणलेल्या मीटरवर, टाकीतल्या प्राणवायूचा आकडा ३.१. कुजणारी वस्तू पाण्यातला प्राणवायू खाते, हे तिला कोण सांगणार. मी तरी सांगितलं नाही. दमले होते.

२२ जुलै

संस्थेचं मीटर आल्यापासून रोज सकाळी प्राणवायू मोजते. टाक्यांच्या तोंडाशी, जिथे ओढा आत शिरतो, तिथेच ४.३. म्हणजे पाणी आमच्याकडे येतानाच थकलेलं. ट्राउटला निदान सहा लागतो. आपल्या उंचीवर अगदी स्वच्छ पाण्यातही सातच्या थोडं वर असतो, त्याहून जास्त नाही.

आज काकांना घेऊन वर गेले. यूदोसियाबाईंच्या डुकरांच्या कुंपणाखालून, साकवाशी, मीटर बुडवलं. ७.१ आला. पुन्हा बुडवलं. ७.१.

काका माझ्या खांद्यावरून बघत होते. "डुकरांच्या खालचं पाणी सगळ्यात चांगलं?" म्हणाले. "यंत्र डुकराने चाटलंय का?" आणि इतके हसले की वर कुत्रं भुंकायला लागलं. ते कुत्रं धावत खाली आलं, मी घाबरून मागे सरले, मीटरची तार दगडांवर घासली. मग मी म्हटलं, तार ओढली गेली असेल, आकडा भरवशाचा नाही. काका म्हणाले, "मग लिहू नकोस."

लिहिला होता. पाण्याच्या वहीत मी त्यावर एक रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "मीटर चुकीचं." आमच्या सरांनी शिकवलं होतं की खोडायचं तर एकाच रेघेने, खालचं वाचता येईल असं. तसंच केलं. इथे मात्र घडलं तसं लिहून ठेवते: आकडा दोनदा आला, आणि कुत्रं त्यानंतर आलं.

तरी मीटर चुकलंच असणार. डुकरांखालून सातच्या वर आकडा कसा येईल.

खाली येताना खड्ड्यांच्या काठाने आलो. आईने तिच्या खड्ड्यातलं गवत बाजूला सारून काकांना बटाटा दाबून दाखवला. बोट आत गेलं. काका म्हणाले, "लोणी." फेस ओढ्यात चालला होता. आईचा खड्डा सगळ्यात खालचा, आमच्या पाण्याच्या तोंडाला लागूनच. आजीपासून तो तिथेच आहे.

२६ जुलै

सभा झाली. मी अहवाल वाचला. त्यात काय लिहिलं ते शब्दशः: "पाणी टाक्यांत शिरण्याआधीच दूषित आहे. वरच्या अंगाला जनावरांची वस्ती एकच आहे." यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. मी तीनदा तपासलं.

काकांनी विचारलं, "कुणाची वस्ती?"

मी म्हटलं, "यूदोसियाबाईंची."

यूदोसियाबाई दाराशी उभी होती. तिला आत बसायला कुणी जागा दिली नव्हती. म्हणाली, "पोरी, तू माझ्याकडे आली होतीस ना यंत्र घेऊन? काय निघालं?"

"मीटर चाललं नाही," मी म्हटलं.

"मग कशावरून?"

आई उठली. "माझी मुलगी शिकून आलीये. तू तिला विचारणार कशावरून?"

अहवाल इतिवृत्ताच्या वहीत चिकटवला. गावात त्या वहीत जे चिकटलं ते झालं. मी सही केली, ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठे उमटवले. आईने माझ्या सहीशेजारीच अंगठा लावला, जागा धरून, घाईने. आमच्या घरातली त्या वहीतली ही पहिली सही.

झोप येत नाही. आनंदाने असेल.

११ ऑगस्ट

औषधाचे दिवस पूर्ण झाले. चार दिवस मरण थांबलं, आज पुन्हा आठ. औषध जिवाणू मारतं, पण पाणी तेच. प्रयोगशाळेने हेच लिहिलं होतं.

यूदोसियाबाई टाकीपाशी आली. मला वाटलं भांडेल. ती वाकून पाण्याकडे बघत राहिली.

"कधी मरतात जास्त?"

"ऊन पडलं, पाणी कमी झालं की."

"माझी डुकरं ऊन पडलं की जास्त हगतात वाटतं?"

मी जाळीने मेलेले मासे काढत राहिले. ती म्हणाली, "कुंपण मी मागे घेतलं, वीस पावलं. कालच. तुझा आकडा सुधारला का बघ." आणि गेली.

आकडा ४.२. उलट थोडा उतरला. तिने खरंच मागे घेतलं का, हे मी वर जाऊन बघायला हवं होतं. गेले नाही. लोक बघतात कोण कुणाकडे जातं ते.

३० ऑगस्ट

तोकोश काढायचा दिवस. व्यापाऱ्याचा ट्रक उद्या येणार, म्हणून आख्खं गाव ओढ्यावर. पुरुष दगड उचलतात, बायका गवत सोडतात, पहिली मूठ ओढ्याला द्यायची, मग टोपल्या भरायच्या. मका भाजला होता. काकांनी मला हाक मारली, "इंजिनिअरीणबाई, हातांना वास लागेल हो." मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि आईच्या खड्ड्यातला लगदा उपसला. किती दिवसांनी कुणी माझ्याशी नीट बोललं. गवत सुटलं की खालचं काळं पाणी भसकन निघतं, पाय दिसेनासे होतात. खालच्या रांगेतले थोडे खड्डे ठेवलेत, त्यांना अजून महिना हवा. बाकी सगळे उघडले.

आईने पहिल्या वाडग्यातली लापशी मला दिली. मुलांना, म्हाताऱ्यांना, पाहुण्यांना देऊन झाल्यावर देतात तशी नाही. सगळ्यांच्या आधी.

३१ ऑगस्ट

सकाळी सहाव्या टाकीत पाणी दिसत नव्हतं. पांढरी पोटं. पाचवीत तसंच, चौथीत अर्धी. तोंडाशी आकडा १.९. असा आकडा मी कधी पुस्तकातही वाचला नव्हता.

काकांनी एक मासा शेपटीला धरून उचलला आणि काही न बोलता वर चालायला लागले. मग सगळे. मी म्हणत होते, थांबा, मला मोजू द्या, काल पाणी का बिघडलं ते कळू द्या. कुणीतरी म्हणालं, "तूच तर लिहिलंस." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. मला धीर द्यायला म्हटलं.

जे झालं ते लिहिते. यूदोसियाबाई दारात उभी राहिली. काकांनी मासा तिच्या पायाशी टाकला. "रात्रीत काय सोडलंस पाण्यात?" ती म्हणाली, "काल आख्खं गाव पाण्यात होतं, मी नव्हते." मग आई पुढे झाली आणि तिने कुंपणाची पहिली मेख उपटली. काकांनी नाही, आईने. दोन्ही हातांनी हलवून हलवून. नंतर बाकीच्यांनी. डुकरं चढावर पळाली. दोघांनी घरावरचं छप्पर ओढून खाली काढलं. यूदोसियाबाईंची मुलगी एक कोंबडी छातीशी धरून उभी होती. बारातेरा वर्षांची असेल.

मी साकवावर होते. खाली उतरले नाही, वरही गेले नाही.

६ सप्टेंबर

यूदोसियाबाई गेली. तालुक्याच्या गावात, बहिणीकडे. जाताना वाटेत मी दिसले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

१७ सप्टेंबर

तोंडाशी ६.२. दहा दिवस सलग सहाच्या वर. उरलेले मासे खायला लागले, खाद्य टाकलं की पाणी उसळतं. आज सहाही टाक्यांत मिळून एकच मेला.

काकांनी सगळ्यांसमोर माझा हात वर धरला. पुढच्या सभेत मला कायम करणार. "पोरीने बरोबर बोट ठेवलं," म्हणाले. ज्या बायका मला इंजिनिअरीणबाई म्हणून चिडवायच्या त्यांनी आज अंडी आणून दिली. आईने नवा पाट करून घेतला आहे. म्हणाली, "चीर आता यावर काय चिरायचं ते."

मासे वाचले. मग ती अंडी मला का खाववली नाहीत, कळत नाही.

१९ सप्टेंबर

कळलं.

पाण्याच्या वहीची स्वच्छ प्रत संस्थेला पाठवायची आहे. सरांचा नियम असा की खोडलेले आकडेही प्रतीत उतरवायचे, रेघेसकट. बावीस जुलै उतरवला. साकव, ७.१, रेघ, "मीटर चुकीचं." खाली त्याच दिवशी, त्याच मीटरने, तोंडाशी ४.२. त्या दिवशी सकाळी ४.३ होता. चुकलेलं मीटर तासाभरात एका ठिकाणी चुकलं आणि दुसऱ्या ठिकाणी सुधारलं?

साकव आणि तोंड यांच्यामध्ये काय आहे?

मी त्या वाटेने रोज जाते.

मीटर घेऊन वर गेले. साकवाशी ७.०. मग खालच्या रांगेच्या वर ६.९. मग त्या न उघडलेल्या खड्ड्यांखाली ६.१. डुकरं जाऊन वीस दिवस झाले. गवत बाजूला करून मीटर आईच्या शेजारच्या खड्ड्यात धरलं. आकडा उतरत गेला, उतरत गेला, आणि ०.३ वर थांबला. नाकाशी तोच वास.

मे अखेरीस खड्डे भरले, जूनमध्ये मासे मरायला लागले. तीस ऑगस्टला उघडले, एकतीसला टाक्या भरून मेले. उघडून झाले, पाणी सुधारलं. हे सगळं याच वहीत लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात. इतकी वर्षं खड्डे होते आणि काही झालं नाही, कारण खाली मासे नव्हते. आणि काळं पाणी सोडायला मीही उतरले होते, गुडघाभर.

२१ सप्टेंबर

आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"म्हणजे माझ्या खड्ड्याने मासे मारले," ती म्हणाली.

"सगळ्यांच्या. पण आपला तोंडाशी आहे."

"आणि ती बाई?"

"तिचं काही नव्हतं त्यात. जवळपास काही नव्हतं."

आई सोलत राहिली. मग म्हणाली, "तुला संस्थेत घातलं ते कशावर? वडील गेल्यावर त्या खड्ड्यानेच तुला शिकवलं. त्याच खड्ड्याला बोट दाखवायला."

"खड्डे बंद करा म्हणत नाही मी. टाक्यांच्या खाली हलवता येतील, पलीकडच्या झऱ्यावर—"

"हे मला सांगितलंस ते सांगितलंस. बाहेर सांगायचं नाही." सुरी खाली ठेवली. "मेख मी उपटली आहे, देल्मी. तुझ्या कागदावर उपटली."

सोललेले बटाटे तिने पाण्यात टाकले.

२८ सप्टेंबर

सभा. काकांनी मला कायम करायचा ठराव वाचला, टाळ्या झाल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, आधी मला इतिवृत्ताच्या वहीत दुरुस्ती लावायची आहे.

वाचायला दोन मिनिटं लागली. शेवटी म्हटलं, "बावीस जुलैला माझ्याकडे बरोबर आकडा होता. मी तो खोडला. यूदोसियाबाईंच्या पाण्यात दोष नव्हता. दोष आमच्या खड्ड्यांचा, आणि सगळ्यात जवळचा खड्डा माझ्या आईचा."

सगळे एकदम बोलायला लागले.

"तोकोशने कोण मरतं? औषध आहे ते."

"त्या बाईकडून काही मिळालंय का गं हिला?"

"आजपर्यंत खाल्लंस ना तेच? तुला नाही काही झालं."

काका बसूनच होते. त्यांना मी विचारलं, "काका, तुम्ही तिथे होतात. ७.१ दोनदा आला की नाही? कुत्रं नंतर आलं की नाही?"

"मला आकडे कळत नाहीत," ते म्हणाले. "तू म्हणालीस यंत्र चुकलं. मी ऐकलं. आता म्हणतेस तू चुकलीस. उद्या काय म्हणशील?" मग सगळ्यांकडे वळून, "मासे जगले. वही बंद. मुदत तीन तारखेला संपते तिची."

दुरुस्ती चिकटवू दिली नाही. मी आईकडे बघितलं. ती तिच्या अंगठ्याकडे बघत होती. घरी येताना माझ्यापुढे वीस पावलं चालत राहिली, मी जवळ गेले की भरभर.

२ ऑक्टोबर

तालुक्याच्या गावातून लिहिते आहे.

यूदोसियाबाई बहिणीच्या अंगणात कपडे धूत होती. मी वही काढली. ती म्हणाली, "मला वाचता येत नाही. काय आहे?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, किंवा रडेल. मी दोन्हीची तयारी करून आले होते.

"खोडलेलं वाचता येतं?" तिने विचारलं.

"येतं. मी एकच रेघ मारते."

"वाच मग."

वाचलं. ती म्हणाली, "पुन्हा." पुन्हा वाचलं. तिने मुलीला घरातून हाक मारली. "ये, ऐक. आपलं पाणी." तिसऱ्यांदा वाचलं. मुलगी माझ्याकडे बघत होती, वहीकडे नाही.

"मी माफी मागायला आले," मी म्हटलं.

"माफीचं मी काय करू? छपरावर घालू?" ओले हात तिने झग्याला पुसले. "चल. शांतता न्यायाधीशाकडे, गावांतले तंटे मिटवतो त्याच्याकडे, माझी तक्रार पडून आहे महिनाभर. मला म्हणतात, पुरावा आण, त्यांच्याकडे शिकलेल्या बाईचा कागद आहे."

न्यायाधीश म्हातारे आहेत, चष्मा दोऱ्याने बांधलेला. पाण्याची वही त्यांनी उजेडात धरली, खोडलेली ओळ नखाने तपासली. म्हणाले, "बाळ, मी तुझ्यावर विश्वास ठेवतो. पण ते म्हणतील, ही रेघ, हा आकडा, काहीही नंतर लिहिता येतं. हिला नोकरीवरून काढलं म्हणून सूड घेते, म्हणतील. त्याच दिवशी दुसरीकडे कुठे लिहून ठेवलंयस?"

मी नाही म्हणू शकले असते. त्यांना माहीत नव्हतं. यूदोसियाबाईंनाही नव्हतं.

मी म्हटलं, "मी दैनंदिनी लिहिते."

"बावीस जुलैचं आहे?"

"आहे. न खोडलेलं. कुत्रं केव्हा आलं तेही आहे."

"आणि एकतीस ऑगस्ट? कोणी काय केलं?"

"तेही आहे."

"सबंध वही लागेल. फाडलेलं पान चालत नाही." त्यांनी हात पुढे केला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून मागे घेतला आणि म्हणाले, "मी जेवून येतो. तोवर बस बाहेर."

बाकावर बसून हे लिहिते आहे. यूदोसियाबाई पलीकडच्या टोकाला बसली आहे. तिने भाजलेल्या मक्याची पुडी उघडली, मुलीला दिला, स्वतः खाल्ला. मला दिला नाही.

आत्ता मागची पानं चाळली. एकतीस ऑगस्टला लिहिलंय, काकांनी नाही, आईने. मोठी मागणी आली तेव्हा खड्डे वाढवायला, छप्पर ओढायला, सगळेच होते, पण नाव लिहिलंय ते तिचं. "दोन्ही हातांनी हलवून हलवून," हे लिहायची काय गरज होती? त्या एका ओळीवर रेघ मारली तर बावीस जुलैला काही होत नाही. आकडा तसाच राहील. खालचं वाचता येईल अशीच मारली, तरी निदान मी मारली असं होईल. आईला कुणी वाचून दाखवलं तर कळेल तिला, की मी तिला वाचवायला बघितलं.

न्यायाधीश येताना दिसतायत, कोपऱ्यावर कुणाशी तरी बोलत थांबलेत. पेन हातात आहे.

खोडत नाही.